परत गेलेल्यांची वही

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज रंगनाथन जयंती, म्हणजे आमचा ग्रंथपाल दिन. दरवर्षीप्रमाणे तसबीर पुसली, हार घातला, उदबत्ती लावली, मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकला. पंधरा मिनिटांत जयंती आटोपली.

काल मुक्त विद्यापीठाच्या बी.लिब.चा रविवारचा वर्ग होता. सरांनी रंगनाथनांची १९३१ ची पंचसूत्री विचारली. मी उभी राहून एका दमात म्हणून दाखवली : पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. चौदा वर्षं नोकरी झाली, एवढं तर येणारच. सर म्हणाले, "छान. आता सांगा, गेल्या वर्षी तुमच्या दारातून किती माणसं परत गेली?"

वर्गात सगळे ग्रंथपालच. कुणालाच सांगता येईना. आमच्याकडे दाखल नोंदवही आहे, देवघेव नोंदवही आहे, सभासद, वर्गणी, नियतकालिकं, अगदी रद्दी विकल्याची सुद्धा वही आहे. जो आत आला त्याची नोंद चार ठिकाणी होते आणि जो उंबऱ्यावरून वळला त्याची कुठेच नाही.

येताना एसटी स्टँडवरून शंभर पानी वही घेतली. रकाने आखले : तारीख, कोण, काय हवं होतं, का परत गेले. नावं लिहायची नाहीत असं ठरवलं. सरांनी सांगितलंय, जे कराल ते तारीख घालून लिहून ठेवा. म्हणून हा दुसरा उद्योग, या नोंदींचा.

३१ ऑगस्ट, शनिवार

एकोणीस दिवसांत वहीत सव्वीस नोंदी झाल्या. मला पाच-सहाची अपेक्षा होती. आमचे शिपाईमामा आधी हसत होते, आता तेच बाहेरून हाक मारून सांगतात, "बाई, एक परत गेला, लिवा."

काही नोंदी जशाच्या तशा :

म्हातारे गृहस्थ, चार पायांची काठी. पेपर वाचायचा होता. पायऱ्या पाहून कट्ट्यावर बसले आणि गेले.

बाई, पस्तिशीच्या. "तुमचं वाचनालय उघडतं तवा माझी चूल पेटलेली असती." वेळ सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. खरंच की. ही वेळ कुणी ठरवली? आमच्या समितीतल्या निवृत्त मंडळींच्या फेरफटक्याची वेळ आहे ही.

शिलाई मशीनवाले काका. "अक्षर मोठं असलेलं काहीतरी द्या. गोष्टीचं द्या, पण पोरांचं नको." मोठ्या टाइपात आमच्याकडे पोथ्या आहेत आणि बालवाङ्मय. मधलं काही नाही.

वीटभट्टीवरची मुलगी. आधारवर पत्ता कर्नाटकातला. सभासद अर्जाला रहिवासी पुरावा लागतो, दोनशे रुपये अनामत लागते आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. तिला हे तिन्ही सांगितलं ते मीच. आवाज गोड ठेवून सांगितलं, एवढंच.

कॉलेजचा मुलगा. मोठ्या भावासाठी विचारत होता. भाऊ अंध आहे. "त्याच्यासाठी काही असतं का तुमच्याकडं?" नाही म्हणाले. तो पायऱ्या उतरत असताना आठवलं, दोन वर्षांपूर्वी हाच आला होता. तेव्हा त्याला एक अख्खं पुस्तक स्कॅन करून हवं होतं. मी कॉपीराइटचं कारण सांगून नकार दिला होता आणि कायदा माहीत असल्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

२२ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद लिहिताना कान गरम झालेत.

तासाला विषय होता विशेष गरजांच्या वाचकांसाठी सेवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होती, वगैरे सगळं लिहून घेत होते. मग कॉपीराइट आला. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(झेडबी). छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तक वापरता येईल अशा रूपात उतरवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. नफा घ्यायचा नाही, फक्त खर्चापुरते पैसे घ्यायचे आणि ती प्रत बाजारात फिरणार नाही याची काळजी घ्यायची. हे काम कोणत्या संस्था करू शकतात त्याचं स्पष्टीकरण कलमाखालीच आहे. त्यात शासनाने मान्यता दिलेलं ग्रंथालय, हे शब्द आहेत.

आमच्या दारावरची पाटी काय म्हणते? "शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय, वर्ग ब." हे "शासनमान्य" मी अनुदानाच्या प्रत्येक कागदावर चौदा वर्षं लिहीत आले. त्याचा उपयोग अनुदान घेण्यापलीकडे आणखी कशाला होतो, हे आज कळलं.

म्हणजे तो मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा कायदा बदलून दहा वर्षं झाली होती. मराकेश करारालाही नऊ. २०१३ चा तो करार अशाच पुस्तकांसाठी आहे, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश आपलाच. आणि मी "कायद्यात बसत नाही" म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

सरांना मधल्या सुट्टीत हे सांगितलं. ते म्हणाले, "अर्धा कायदा माहीत असलेला ग्रंथपाल हा काहीच माहीत नसलेल्यापेक्षा जास्त त्रासदायक." चहा कडू लागला, पण बोलले ते खरं.

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. तासगावपर्यंत उभ्यानं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सकाळी अध्यक्षांनी पेढे आणले. समितीचे दोघे, मी, मामा, पेपर वाचणारे चौघे. तोंड गोड झालं.

आणि आजच त्या मुलाचा भाऊ आला, पहिल्यांदा. मीच निरोप पाठवला होता. चोवीस-पंचवीसचा असेल. एम.ए. झालाय, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून तीन पायऱ्या चढला. मी घाईघाईनं दंडाला धरायला गेले, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही नका धरू, मला धरू द्या." ते आता माझ्या लक्षात राहील.

मी संगणकावर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं साधन, घालून ठेवलं होतं. मराठी आवाज जोडला होता. ऐटीत म्हणाले, "आपली सगळी ग्रंथसूची आहे यात, बघ." त्याने बाण दाबला. यंत्र इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टक्क्याचं चिन्ह असं काहीबाही बरळायला लागलं.

तो हसला. "जुना फाँट आहे."

आमची यादी २००९ साली टाइप झालेली आहे. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसते, पण पोटात इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत. डोळ्याला मराठी, यंत्राला गिचमीड. युनिकोडमध्ये "क"चा कोड "क"चाच असतो, म्हणून यंत्राला तो क म्हणून वाचता येतो, शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो. आमची यादी म्हणजे अक्षरांची चित्रं. पंधरा वर्षं आम्ही "संगणकीकृत" म्हणवून घेतोय आणि शोध घ्यायचा तर मामाच रॅककडे बोट दाखवतात.

काल अभिजात झालेली भाषा आज माझ्या संगणकावर एक शब्द बोलली नाही. पेढ्याचा कागद टेबलावरच होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

फाँट बदलून देणारी साधनं मिळतात. सव्वाअकरा हजार नोंदी त्यातून काढल्या. नव्वद टक्के काम झालं असं वाटलं. मग वाचायला बसले. "धर्म"चा "धमर्" झालाय, "सूर्य"चा "सूयर्". रफार जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, कारण तो डोक्यावर नंतर काढायचा असतो. युनिकोडला तो उच्चाराच्या क्रमानं, आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं उलट : ती जुन्यात अक्षराच्या आधी येई, आता नंतर यावी लागते. म्हणजे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम यांचं भांडण आहे हे.

रफाराचे शब्द शोधून दुरुस्त करत बसणं आलं. रोज शंभर नोंदी. कर्वे, शिर्के, मर्ढेकर, सगळ्यांचे रफार घसरलेत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन. आजच पांढरी काठी दिनही असतो, हे मला यंदाच कळलं. दोन्ही १५ ऑक्टोबरलाच. कलामांच्या तसबिरीशेजारी पांढऱ्या काठीचं चित्र लावावं असं मनात आलं होतं, पण नको म्हटलं, चित्रं लावूनच तर आजवरचे दिवस गेले. त्याऐवजी त्या मुलाच्या अंध भावाला वाचायला बोलावलं. त्याने मोबाइल कानाला लावला, यंत्र कानात सांगेल तसं मोठ्यानं म्हणत गेला, एक वाक्य मागे राहून. शाळेची पोरं हादरली. एकानं विचारलं, "हा इतक्या जोरात पळणारा आवाज कळतो कसा?" कारण त्याने वेग इतका वाढवलेला की मला एक शब्द लागत नव्हता. तो म्हणाला, "तू पुस्तक वाचताना एकेक अक्षर वाचतोस का?"

दुसरी गोष्ट उताराची. आमच्या तीन पायऱ्या पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या, एकूण पंचेचाळीस. व्हीलचेअरचा उतार एकास बारा हवा, म्हणजे पाच मीटर चाळीस लांबी, वर दारापाशी खुर्ची वळायला दीड मीटर सपाट जागा. एका लोकप्रतिनिधींच्या निधीतून हे करून देण्याचं तोंडी ठरलं होतं, आज कार्यक्रमात जाहीरही व्हायचं होतं. दुपारी साडेतीनला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. पाहुणे आलेच नाहीत. हारतुरे शाळेच्या पोरांना वाटले.

गवंडीबुवा म्हणतात, "दोन मीटरमदी बसवतो की. सायकल चढती." सायकल चढेल हो. पण हातानं चाक ढकलणाऱ्या माणसाला तो घाटच.

९ नोव्हेंबर, शनिवार

उतार झाला. निधीची वाट न पाहता. सिमेंट एकाने दिलं, वाळू एकाने, कठडा वेल्डिंगवाल्याने फक्त लोखंडाच्या पैशात. पाच मीटर चाळीस, इंच कमी नाही. मीच टेप धरून उभी.

भांडण झालं ते वेगळ्याच कारणानं. उतार भिंतीच्या कडेनं घेतला, तिथं सभासदांच्या मोटारसायकली लागायच्या. तीन आजीव सभासदांनी लेखी तक्रार दिली. चौदा वर्षांत या ग्रंथालयाबद्दल आलेली ही पहिली लेखी तक्रार, आणि ती पार्किंगची.

पहिल्या आठवड्यात उतारावरून कोण कोण गेलं : चार पायांच्या काठीवाले आजोबा (वहीत त्यांच्या नोंदीसमोर "आले" लिहिलं), एक बाळंतीण बाबागाडी घेऊन, पुस्तकांचे गठ्ठे असलेली हातगाडी आणि पाण्याचे जार आणणारा पोरगा, तो तर रोज. व्हीलचेअर अजून एकही नाही. अध्यक्ष मिश्कीलपणे म्हणाले, "मग कुणासाठी केला?" म्हटलं, सर, पायऱ्या कुणासाठी केल्या होत्या?

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाजाराची सुट्टी. ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, तिकडे गेले. १५ तारखेपासून गाळप सुरू झालंय. चाळीसेक कोप्या (झोपड्या) असतील. बीडकडची माणसं, काही जालन्याची. नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे तीन-चारला फडात. मागे राहतात ती पोरं आणि म्हाताऱ्या. आठ-दहा वर्षांच्या मुली कडेवर भावंड घेऊन वाढं (उसाचे शेंडे) गोळा करत होत्या.

दरवर्षी पाच महिने ही माणसं माझ्या ग्रंथालयापासून दीड किलोमीटरवर राहतात. माझ्या सभासद नोंदवहीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव कधी लागलेलं नाही. परत गेलेल्यांच्या वहीतही नाही, कारण ती दारापर्यंत येतच नाहीत. वहीची ही मर्यादा मला आज कळली.

संध्याकाळी समितीची बैठक होती, तिथं विषय काढला. "पुस्तकं बीडला जातील," हे पहिलं वाक्य. दुसरे म्हणाले, "टोळी आणणाऱ्या मुकादमाची हमी घ्या. त्याच्या हिशेबात धरा, हरवलं तर तो वळते करून घेईल." बाकी सगळ्यांना हे पटलं. व्यवहारी तोडगा, खरंच.

मला पटलं नाही. ही माणसं आधीच उचलीखाली असतात. हंगामाआधी घेतलेली रक्कम फेडत ऊस तोडायचा. त्यात पोरानं हरवलेल्या गोष्टीच्या पुस्तकाचे साठ रुपये मुकादमाच्या वहीत चढले, तर ती आणखी एक उचलच झाली. पुस्तकापायी बापाचा मार खाल्लेलं पोर परत पुस्तकाला हात लावणार नाही. बैठकीत आवाज चढला माझा, कबूल. शेवटी ठरलं ते असं : साठ पुस्तकांची एक पेटी, सभासद मी, हमीदार मी, गेली तर माझ्या पगारातून. आमचा पगार ज्यांना माहीत आहे ते हसले.

७ डिसेंबर, शनिवार

काल महापरिनिर्वाण दिन होता, वाचकांची वर्दळ होती. त्यानिमित्तानं मनातलं एक काम काढलं. आमच्याकडे "दलित साहित्य" असं वेगळं कपाट आहे, मागच्या खोलीत, खिडकीच्या बाजूला. कविता, कथा, आत्मचरित्रं सगळं त्यात एकत्र. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मीच लावलंय ते, २०१२ साली. पण बघा, आत्मचरित्र चाळायला येणारा पुढच्या खोलीतल्या आत्मचरित्रांच्या रॅकशी उभा राहतो आणि तिथून घरी जातो. मागच्या कपाटाशी ठरावीक आठ-दहा जणच जातात. गेली बारा वर्षं मी पुस्तकांची वेगळी पंगत बसवत होते.

म्हणून आत्मचरित्रं आत्मचरित्रांत, कविता कवितांत नेऊन लावली. दिवसभर काम चाललं.

संध्याकाळी आमचे एक जुने वाचक आले, निवृत्त टपाल कर्मचारी. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मोकळं कपाट बघून थबकले. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "ताई, हे कपाट मिळवायला आम्ही तुमच्या आधीच्या ग्रंथपालांकडं दोन वर्षं अर्ज केले होते. तेव्हा ही पुस्तकंच नव्हती इथं. कपाट आमच्या मागणीचं होतं. तुम्ही विचारायचं तरी."

मला हे माहीत नव्हतं. मी २०१२ ला फक्त लावालावी केली होती, मागणी त्याआधीची.

तासभर बोललो. त्यांचंही बरोबर, नाव असलं की दिसतं, शोधता येतं, पोरांना दाखवता येतं. माझंही अगदीच चूक नव्हतं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला : पुस्तकं सगळ्यांत मिसळलेली राहू देत, सूचीत विषय-शीर्षक "दलित साहित्य" प्रत्येक नोंदीला कायम ठेवा, आणि ते कपाट मोकळं ठेवू नका, त्यात दर महिन्याला निवडक वीस पुस्तकं दर्शनी लावा. पुढच्या खोलीत, दाराशी. निवड भाऊ करतील.

कपाट उद्या मामा आणि मी सरकवू. जड आहे, सागवानी.

१९ डिसेंबर, गुरुवार

पेटीचा तिसरा गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला जाते, त्याआधी मोठी मुलं मोकळी नसतात. उजेडाला चार्जिंगचा दिवा. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं गोष्ट वाचली, तर निम्मी पोरं गप्प. एक मुलगी शेजारणीला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मग कळलं की काही घरं बंजारा आहेत, लहानग्यांना अजून मराठी नीट कळत नाही, ती मुलगी गोरबोलीत सांगत होती. तिलाच पुढे बसवलं. आता मी एक पान वाचते, ती तिच्या बोलीत सांगते, आणि तिची गोष्ट माझ्यापेक्षा लांब असते. मूळ गोष्टीत नसलेली म्हैसही त्यात येते.

पुस्तकं परत येतात ती चुलीच्या धुराचा वास घेऊन. एका पुस्तकाला पाचटाचं पातं खूण म्हणून घातलेलं होतं. तसंच ठेवलं.

एक टोळी परवा रात्रीत दुसऱ्या कारखान्याकडं हलली. त्यांच्याकडची तीन पुस्तकं गेली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

ब्रेल दिन. मी ब्रेल पुस्तकं मागवायची तयारी केली होती, एका देणगीदारानं पैसेही कबूल केले होते. आधी त्या अंध मुलाला विचारलं (हे आता शिकलेय). तो म्हणाला, "ताई, माझी नजर सतराव्या वर्षी गेली. मला ब्रेल अडखळत येतं. मला मजकूर द्या, मी ऐकीन." आता मॅडमची ताई झालेय.

ब्रेल वाईट म्हणून नव्हे. सहा टिंबांची ती लिपी लहानपणापासून शिकलेल्या पोराला शुद्धलेखन देते, जे ऐकून येत नाही, हेही त्यानंच सांगितलं. पण इथं, या गावात, या वाचकाला आज ते नको होतं. पुस्तकं आली असती, एक जाडजूड बाड कपाटात दिमाखात बसलं असतं आणि आम्ही फोटो काढला असता.

म्हणून त्या पैशातून स्कॅनर घेतला. सुगम्य पुस्तकालय या २०१६ पासूनच्या ऑनलाइन ग्रंथालयात त्याची नोंदणी सुरू केली. तिथं जे सापडणार नाही ते आम्ही इथं करायचं.

२२ जानेवारी, बुधवार

आता बुधवार-शनिवार दुपारी २ ते ४ ग्रंथालय उघडं असतं. चूल पेटलेली असती म्हणणाऱ्या बाई आल्या, सोबत सहा जणी. पहिले दोन बुधवार गप्पाच झाल्या. मी मध्ये पडले नाही.

स्कॅनरमधून पान काढायचं, संगणकाला अक्षरं ओळखायला लावायची, मजकूर तयार. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात "घ" आणि "ध" यांत यंत्र गडबडतं, "रव" आणि "ख" यांतही, आणि जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांपुढे तर हातच टेकतं. कुणीतरी मूळ पान समोर ठेवून वाचायलाच हवं. हे काम त्या सात जणींनी उचललं. एक वाचते, दुसरी पडद्यावर बघते. परवा एकीनं "धर ध" आणि "घराघरातला घ" यांवरून दुसरीला असं झापलं की मी फक्त चहा ठेवला.

पहिलं तयार झालेलं पुस्तक महाराष्ट्राच्या भूगोलाचं, २१२ पानी. त्या अंध मुलाला परीक्षेसाठी हवं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या भावानं मागितलेलं तेच. त्याने ऐकून चोवीस चुका कळवल्या. बायांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि पुढच्या पुस्तकाला लागल्या. त्यांना आता कादंबरी हवीय करायला. "भूगोल लई झाला."

मजकुराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते : फक्त छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या वापरासाठी. कोणाला दिलं त्याची स्वतंत्र नोंदवही. हो, आणखी एक वही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. भाषणं झाली. पंखा बंद पडला. पेटीला जायला उशीर झाला, पोरं रस्त्यापर्यंत येऊन थांबली होती.

११ मार्च, मंगळवार

कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. कोप्या दोन दिवसांत उठल्या. गोरबोलीत सांगणाऱ्या मुलीनं पेटी स्वतः आणून दिली, डोक्यावर. उतारावरून चढून आत आली, पहिल्यांदाच. आत सगळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, एवढी होती तर साठच का आणायचा?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. तिला एक पुस्तक दिलं, दाखल क्रमांक असलेलं, शिक्का असलेलं. नोंदवहीत देय तारीख लिहायची तर काय लिहू? पुढच्या हंगामात ही टोळी इकडं येईल की दुसऱ्या कारखान्याला, तिलाही माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

वार्षिक ग्रंथ पडताळणी संपली. पेटीतली सात पुस्तकं नाहीत, त्या मुलीला दिलेलं धरून आठ. समितीत हे वाचून दाखवलं तेव्हा "मी म्हणालो नव्हतो?" अशा नजरा झाल्या. मग पुढचं वाचलं : नियमित सभासदांकडे वर्षभराहून जास्त काळ थकलेली पुस्तकं एकेचाळीस. अनामत, रहिवासी पुरावा, दोन सह्या, सगळं असलेल्या सभासदांकडे. त्यांतली चार समितीच्याच घरांत. विषय पुढं गेला नाही.

माझ्या पगारातून कापायचंही कुणी बोललं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

सभासद अर्जाचा नमुना मात्र बदलला. रहिवासी पुराव्याच्या जागी "सध्या राहण्याचं ठिकाण". अनामत पंधरा वर्षांखालच्यांना नाही. दोन सह्यांऐवजी ग्रंथपालाची एक. ठराव मंजूर झाला, एक जण तटस्थ.

पडताळणीच्या तक्त्यात शेऱ्याचे रकाने ठरलेले आहेत : उपलब्ध, देवघेवीत, बांधणीस, गहाळ, बाद. त्या आठ पुस्तकांसमोर मामांनी पेन्सिलनं "गहाळ" लिहिलं होतं. मी खोडून "देवघेवीत" लिहिलं. तपासणीला साहेब येतील तेव्हा विचारतील, ते बघू.

रफाराच्या दुरुस्त्या आठ हजार नोंदींपर्यंत आल्यात. सोमवारपासून परत रोज शंभर. नवीन शंभर पानी वहीही आणायची आहे, जुनी भरली.